उष्टावणाचा मामा

माझी आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. सालीच्या तेलाने हात कायम काळे. त्याच हातांनी तिने मला बी.एस्सी. केलं, आमच्या घरातली पहिली. आणि माझ्याच लेकीला काजूची ॲलर्जी निघाली. कण पोटात गेला तरी श्वास अडकायचा. आपल्या हातांना काजू लागलेला असेल या भीतीने आई तिला जवळ घेईना.

रत्नागिरीत डॉक्टरांनी नवा उपचार सुचवला. त्यांच्या समोर काजूची कणभर पूड खायची, शरीराला ओळख पटेल तशी वाढवायची. पण लेक तोंडच उघडेना.

शेजारी पांढऱ्या मिशांचे एक बागायतदार होते, तेही याच उपचाराला आलेले. त्यांनी पिशवीतून चांदीची वाटी काढली आणि सिस्टरांपुढे बाळासारखा मोठा 'आ' केला. लेक हसली.

"हसतेस काय गो? या वयात माझं उष्टावण चाललंय! तुला भरवायला मामा कुठाय?"

"मला मामा नाही."

"मग मी कशाला बसलोय? उघड तोंड!"

तिने उघडलं. नंतर बराच वेळ दोघं एकमेकांचे ओठ सुजतात का, ते निरखत बसले होते.

त्यांचं नाव विचारायचं राहिलंच. यंदा शिमग्याला डॉक्टरांच्या परवानगीने लेकीने अख्खा काजूगर खाल्ला. आईने तिला मांडीवर घेऊन, स्वतःच्या हाताने भरवला.