खंडेनवमीला धुतलेला कंप्युटर

आमच्या दिंद्रुडात लग्नाच्या मुलाची चौकशी करायला पाव्हणे गुपचूप येतात. हॉटेलात चहा घेतात, शेजाऱ्यापाजाऱ्याला विचारतात. भावकीत मात्र विचारायचं नसतं, कारण भावकी मोडता घालणारच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी कडा गावचे आसाराम, मुलीचे बाप, माझ्याच ओट्यावर येऊन बसले. मी पंडित, मोहनरावचा सख्खा चुलतभाऊ, आणि चौकशी होती मोहनरावच्या बजरंगची.

बजरंग एकुलता एक, तिशी उलटलेला. घरी पाण्याखालची काळी जमीन, दारात जीप, बाप एकेकाळी गावचा सरपंच, आणि पोराला मुलगी मिळेना. हल्ली मुलीच्या बापाला जावई नोकरीवाला लागतो. जमीनही लागते, फक्त जावयाने ती कसायची नसते. बजरंगकडे जमीन होती, नोकरी नव्हती. पोरगा स्वभावाने गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बाप त्याला लहानपणापासून ‘बिनकामाचं बेणं’ म्हणायचा. ताटावर म्हणायचा, पाव्हण्यांसमोर म्हणायचा, आणि बजरंग मान खाली घालून भाकरी चुरत राहायचा. मोहनराव असाच आहे. त्याला माणूस दुखावल्याशिवाय अन्न पचत नाही.

त्या साली उन्हाळ्यात या बजरंगने एक यंत्र मागवलं. वीतभर लांबीची काळी पाटी, मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. खेळायचा कंप्युटर, हातात धरून खेळायचा. किंमत लाखाला थोडीच कमी. तेवढ्या पैशात नेकनूरच्या बाजारात दुभती म्हैस येते, रेडकासकट. गावात महिनाभर दुसरा विषय नव्हता. माझं मत मी त्याच्या तोंडावर सांगितलं. गेम फोनवरही येतात. लॅपटॉप याहून स्वस्त, त्यावर कामही होतं. मोठा गेम लावला की याची बॅटरी दोन तासांत मान टाकते, हाताला चटके बसतात, आतला पंखा घरघर करतो. गंडलास, म्हटलं. तो नुसता हसला.

त्याच्या आईने, वत्सलाबाईने, हे काय आहे म्हणून विचारलं तेव्हा तो म्हणाला, कंप्युटर आहे, हातातला. यात खोटं काही नव्हतं. पण त्या माउलीने पुढचं स्वतःच जुळवलं. पोरगा दिवसभर कपाळाला आठ्या घालून त्यात बघतो, कानाला हेडफोन लावून कुठल्या कुठल्या लोकांशी हिंदीत बोलतो, म्हणजे कंपनीचं काम करतो. ती त्याला न मागता चहा नेऊन द्यायला लागली. मोहनरावला खरं काय ते माहीत होतं. पण बायकोचा गैरसमज त्याला फार कामाचा वाटला. ‘पोरगं घरबसल्या कंप्युटरवर काम करतं’ हे वाक्य सोयऱ्याधायऱ्यांतून फिरत फिरत कड्याला आसारामांच्या घरी पोचलं. त्यांची तेजश्री कंप्युटरचं शिकलेली होती. जोडा जमल्यासारखा वाटला असणार.

म्हणून ते माझ्या ओट्यावर आले होते. मी आडपडदा ठेवला नाही.

“पाव्हणं, पोरगं गेम खेळतंय,” मी म्हणालो. “कंपनी न्हाई, पगार न्हाई. लेकीचं वाटोळं करू नका.”

आसारामांनी बशीतला चहा संपवला. मग गालातल्या गालात हसले आणि निघाले. पुढे हॉटेलवाल्याला म्हणाले, चुलतभाऊ एवढा जळतोय म्हणल्यावर घर चांगलंच असणार. एवढं खरं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो, आणि त्यानेच सोयरीक पक्की व्हायला लागली.

घर बघायला यायचा दिवस ठरला खंडेनवमीचा. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पूजतात. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, मोटारीचे पाने, ज्याच्यावर ज्याचं पोट ते सगळं. बजरंग जीप घेऊन पाव्हण्यांना आणायला माजलगावला गेला. मागे वत्सलाबाईने दरसालप्रमाणे सगळी हत्यारं घंगाळात टाकली आणि घासूनपुसून काढली. विळ्याकुऱ्हाडींबरोबर तिने पोराचा कंप्युटरही घातला. पोराचं पोट त्याच्यावर आहे असं ती मनापासून मानत होती. नारळाच्या शेंडीने घासलं, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं.

पाव्हणे आले, तेजश्रीही सोबत होती. आसारामांनी पूजा मांडलेली बघितली, मधोमध कंप्युटर बघितला आणि हात जोडले. संस्कार आहेत म्हणाले. मग म्हणाले, जावईबापू, जरा चालू करून दाखवा.

बजरंगने ते उचललं तर आतून पाणी गळलं. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. आई कौतुकाने म्हणाली, “सकाळीच धुतलाय बाबा, लई मळला होता.” बजरंग तिथेच खाली बसला आणि रडायला लागला. आजा गेला तेव्हा तो रडला नव्हता. आता मात्र पाव्हण्यांसमोर, परक्या मुलीसमोर, ओक्साबोक्शी रडला. मला वाटलं, झालं, मोडली सोयरीक. एक पोरगी वाचली.

मोहनराव पेटला असेल तर आतून. वरून तो शांतपणे म्हणाला, “काम अडलं म्हणून रडतंय. कामाचा लई कळवळा हाय आमच्या पोराला.”

आसारामांच्या डोळ्यांत पाणी आलं. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, असं ते बरोबरच्यांना सांगायला लागले.

मग मुलामुलीला बोलायला परसात पाठवलं. सोबत वडीलधारं माणूस हवं म्हणून मला बाजेवर बसवलं, कारण मी घरचा. तेजश्रीने बसल्या बसल्या विचारलं की हे खेळायचं आहे ना. कॉलेजातल्या एका मुलाकडे तिने पाहिलं होतं. बजरंगने नाक पुसलं आणि हो म्हणाला. नोकरी? नाही. मग एवढ्या पैशात लॅपटॉप का नाही घेतला, हेही तिने विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होती.

“लॅपटॉप घरात मांडून बसावं लागतं,” बजरंग म्हणाला. “घरात आबा असतेत. ह्यो घेऊन मी शेतात, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीवर जाऊन बसतो. तिथं मला कुणी काय म्हणत न्हाई.”

 त्या यंत्राची खरी किंमत त्याने पहिल्यांदा कुणाला तरी सांगितली होती आणि ती तिला कळली होती. मलाही तेव्हाच कळली, आणि गंडलास म्हटल्याचं वाईट वाटलं. पण कीव आली म्हणून कुणी लग्न करत नाही. जीपपाशी तिने बापाला स्वच्छ सांगितलं: ते खेळणं आहे, त्याला नोकरी नाही, त्याने स्वतः सांगितलं. मला हे लग्न करायचं नाही. आसारामांनी माझ्याकडे एक नजर टाकली. मी बाजेवर होतो, म्हणजे पोरीचे कान मीच फुंकले असणार. “तुला लई कळतं,” एवढंच ते लेकीला म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

माघात लग्न झालं. यंत्र बिघडल्यामुळे कंपनीचं काम सुटलं, असं मोहनरावने सांगितलं आणि दोष वत्सलाबाईच्या माथी मारला. ती म्हातारी अजून देवापुढे नाक घासते, पोराच्या पोटावर पाय दिला म्हणून. कमावतं कुणीतरी दिसायला हवं, म्हणून तेजश्रीला माजलगावला एका दवाखान्यात कंप्युटरवर बसवलं. सकाळची एसटी धरायची, संध्याकाळी येऊन भाकरी थापायच्या. पगार मोहनरावच्या हातात. उन्हाळा संपता संपता त्या पगारावर हप्त्याने नवं यंत्र आलं, तसंच, काळं. व्याही कधीही येतील, जावई काम करताना दिसला पाहिजे, असा मोहनरावचा हिशेब. बजरंग नको म्हणाला असता तर मी त्याला माणूस म्हणालो असतो. परसात तिला खरं सांगणाऱ्या त्याच पोराने या वेळी पाटी घेतली आणि मोटारीच्या खोलीवर गेला.

नागपंचमीसाठी लेक माहेरी न्यायला आसाराम आदल्या दिवशी स्वतः आले. जावयाला मुद्दाम ओसरीवर बसवलं होतं, यंत्र हातात, कपाळाला आठ्या. आसाराम धन्य झाले. मी भिंतीपलीकडे होतो, मला हाक मारून म्हणाले, “बघा पंडितराव, तुमी काय म्हणला होतात?”  आमच्याकडे खऱ्याचा भाव मला कळून चुकला होता.

तेजश्री चहा घेऊन आली. त्यांनी कौतुकाने विचारलं, नवा दिसतो, कितीला पडला गं?

“माझ्या पगाराचा हाय, अण्णा,” ती म्हणाली. “मी दिवसभर दवाखान्यात बसते, आणि हे हितं खेळतेत. तुमी आल्यावर दाखवायला घेतलाय तो.”

 आसारामांना ते पक्कं कळलं, मी तोंड बघत होतो. क्षणभर रंग उडाला. मग त्यांनी बशी तोंडाला लावली आणि म्हणाले, बाईनं नवऱ्याच्या कामाला हातभार लावावाच लागतो, चांगलं केलंस. आवर आता, गाडी निघायची.

मी आयुष्यात कुणावर हात उचललेला नाही. त्या दिवशी उचलावासा वाटला.

तेजश्रीने रिकामी कपबशी उचलली. उद्या सुट्टी मिळत नाही, तुम्ही जावा, म्हणाली. दवाखाना पंचमीला बंद असतो, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. आसाराम पिशवी घेऊन एकटेच फाट्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या माहेरवाशिणी वारुळाला गेल्या तेव्हा ती सकाळच्या एसटीने माजलगावला गेली आणि बंद दवाखान्याच्या पायरीवर संध्याकाळपर्यंत बसून राहिली.