ऑइलच्या वासाची कोथिंबीर

गॅरेजात ऑइलचा वास आला की मला अजूनही वरणभाताची भूक लागते.

बाबा चिकलठाण्याच्या एका कंपनीत टर्नर होते. तिथलं ऑइलचं रिकामं टिपाड अर्धं कापून त्यांनी परसात कोथिंबीर पेरली, पण टिपाड धुवायचं राहून गेलं. कोथिंबीर जोमानं आली, ऑइलचा वास घेऊनच. बाबांना तसं म्हणायची घरात कुणाची टाप नव्हती.

शेजारचे काळेकाका त्याच कंपनीत होते. विद्यापीठाच्या नामांतराला बाबांचा पाठिंबा आणि काकांचा विरोध, त्यामुळं महिनाभर बोलणं बंद. तशात कर्फ्यू लागला, भाजी मिळेना. काकूंनी भिंतीवरून कोथिंबीर मागितली. आईनं ती वाटीत घालून दिली. वाटी रिकामी कशी परत करायची, म्हणून संध्याकाळी तीच कोथिंबीर घातलेलं वरण आमच्याकडं आलं.

दोन्ही घरं जेवायला बसली. मग भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला, "साळवे, आता गुडघे कुरकुरायचे नाय बघा."

बाबांना हसता हसता ठसका लागला.

काकांना नामांतर पटायला पुढं बरीच वर्षं गेली. तोवर बाबांनी ते टिपाड काही धुतलं नाही.