आबांचा गुडघा आणि माझं पथ्य

सासऱ्यांचा एक गुडघा सुजला, म्हणून मी घरातल्या चारही माणसांची भजी बंद केली.

सासरे म्हणजे आमचे आबा, फौजेतले निवृत्त सुभेदार. यंदा पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेतला झेंडा त्यांच्या हातून फडकणार होता. दिवस उरले होते वीस, आणि आबांचा उजवा गुडघा सुजून हा एवढा! "खुर्चीत बसूनच सलामी द्या की," असं कुणीतरी सुचवलं, तर आबा भडकलेच. "बसून सॅल्यूट? त्यापरीस मी येतच न्हाई!" म्हणाले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी मोबाइल उघडते.

तीन व्हिडिओंत मी तज्ज्ञ झाले! सूज म्हणजे शरीरातली आग; साखर, मैदा, तळण म्हणजे त्या आगीत तेल! (उसाच्या मळ्यात राहून साखरेला नावं ठेवायला छाती लागते.) दुसऱ्या दिवशी चहातली साखर गेली, कढई माळ्यावर गेली. ताटात आली जवसाची चटणी, हळदीचं दूध, मेथीची भाजी आणि संध्याकाळी पुन्हा मेथीची भाजी!

"आगं, गुडघा त्येंचा सुजलाय, माझी कढई का उचलली?" सासूबाईंनी विचारलं.

"एकाच्या ताटात मेथी आन् बाकीच्यांच्या ताटात भजी, हे बरं दिसतं का, आत्याबाई?"

"लय बरं दिसतं!" आमचे हे मधेच म्हणाले.

"गप रं!" आबा कडाडले. "सूनबाईनं ऑर्डर दिलीया. ऑर्डर म्हंजे ऑर्डर!"

मला अगदी भरून आलं.

रोज सकाळी मी शिवणाच्या टेपनं गुडघा मोजू लागले. पहिल्या दिवशी सोळा इंच. चौथ्या दिवशी साडेसोळा. सातव्या दिवशी सतरा! मी हबकले. गूळ बंद केला, हळद दुप्पट केली. आबांची मात्र तक्रार नाही. उलट रोज दुपारी चारला काठी घेऊन उठायचे. "द्राक्षबागेत चक्कर टाकून येतो गं." एवढ्या दुखण्यात व्यायाम! मी टाळ्या वाजवून त्यांना निरोप द्यायचे. त्याच सुमाराला आत्याबाईंना देऊळ आठवायचं आणि ह्यांना बागेतल्या ठिबकच्या नळ्या. पथ्यानं घरात केवढा उत्साह आला म्हणून मी हरखले होते!

दहाव्या दिवशी सकाळी जमलं नाही, म्हणून दुपारी मी फाट्यावर गेले. (का गेले ते एवढ्यात विचारू नका.) फाटा घरापासून दोन किलोमीटर. तिथं शिवाप्पाच्या गाड्यावर मिरचीभज्यांचा घाणा निघत होता आणि समोरच्या बाकड्यावर ओळीनं बसले होते आबा, आत्याबाई आणि आमचे हे!

"आबा!"

आबांना ठसका लागला. आत्याबाईंनी द्रोण पदराखाली घेतला.

"तू हितं कशी?" ह्यांनी विचारलं.

"तुम्हालाच शोधत आले!" मी ओरडले. शिवाप्पा काही बोलायला गेला, पण मी अशी काही नजर टाकली की तो मुकाट्यानं पीठ कालवू लागला. "आन् आबा, एवढं चालत? निदान ह्यांच्या गाडीवरनं तरी यायचं!"

"गाडीचा आवाज येतो, सूनबाई," आबा मान खाली घालून म्हणाले. "फौजेत शिकीवत्यात, दुश्मनाला चाहूल लागू द्यायची न्हाई."

(दुश्मन म्हणजे मी!)

मी तशीच आबांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. सगळं ऐकून डॉक्टर चष्मा काढून हसले. "अहो, गुडघा दुखावला की शरीर तिथं पहारा बसवतं, तीच ही सूज. जखम भरायला ती लागतेच. मेथी, जवस खुशाल खा, चांगलंच आहे. पण रोज चार किलोमीटर चालवल्यावर कुठल्या गुडघ्याची सूज उतरेल?"

"म्हंजे सूज ही आपलीच पल्टन?" आबांनी विचारलं. "आन् आमी रोज तिच्याच अंगावरनं मार्च केला व्हय!"

घरात भजी असती तर आबा जागचे हलले नसते, हे मला दुकानातून त्यांच्या गोळ्या घेताना उमगलं.

आठवडाभर आबा पाय लांब करून बसले, सूज ओसरली, आणि पंधरा ऑगस्टला त्यांनी ताठ उभं राहून असा सॅल्यूट ठोकला की माझे डोळे वाहायला लागले! वर माइकवरून म्हणाले, "ह्ये आमच्या सूनबाईच्या पथ्यामुळं!" झालं! बायकांनी मला गराडा घातला. मीही फुशारले. "तळलेलं वर्ज्य! मी तर स्वतः एक भजं..."

तेवढ्यात शाळेसाठी जिलब्यांची पाटी घेऊन शिवाप्पा आला आणि मला बघून खुलला. "ताई! आठवडा झाला, सकाळच्याला फिरकला न्हाईसा! तुमची रोजची दोन पिलेट भजी मी राखून ठेवतूय की!"

माइक चालूच होता.

"सूनबाई," आबांचा आवाज गावभर घुमला, "आधी सांगायचं व्हतंस की! दोघं मिळून गाडीवरनं गेलो असतो. गुडघा तरी वाचला असता!"