सफरचंदासाठी आणलेला बर्फ

माझे थोरले दीर हैदराबादला शिकायला गेले आणि काहीच पास न होता परत आले. मधल्या काळात एका जहागीरदाराच्या सोबतीला म्हणून त्यांनी एक उन्हाळा काश्मिरात काढला होता. तो एक उन्हाळा त्यांनी पुढं जन्मभर मिरवला.

धाराशिवकडं, बेंबळीच्या अलीकडं आमचं गाव. निजामाचं राज्य होतं, बाहेर महायुद्ध चालू होतं आणि मी नुकतीच लग्न होऊन त्या घरात आले होते. घर लिंगायतांचं. शेती होती, गावात किराण्याचं दुकान होतं. दुकान माझे मालक बघायचे, शेत सासूबाई बघायच्या. त्यांना सगळं गाव अव्वा म्हणायचं. दीर काहीच बघायचे नाहीत. त्यांची बायको लवकर वारली होती. उन्हं चांगली वर आल्यावर ते उठत, ओसरीत आरामखुर्ची टाकत आणि चित्रांचं एक जाडजूड पुस्तक मांडीवर घेत.

"इथली काय आबोहवा आहे?" ते आल्यागेल्याला विचारत. "आधी भट्टी, मग चिखल. मोतदिल मुलूख बघावा. ना जास्त ऊन, ना जास्त गारठा. तिथली झाडंसुद्धा अदबीनं वागतात. थंडीच्या आधी पानं लाल करतात, हळूच खाली सोडतात आणि बर्फ पडला की झोपी जातात."

आल्यागेल्याला दुकानातून उधारी हवी असायची. तो मान डोलवायचा.

बाभळीला दीर झाड म्हणत नसत. आमच्या माळावर तेव्हा काळविटांचे कळप उधळायचे, माळढोक मान ताठ करून हिंडायचा. त्याकडं त्यांनी कधी मान वळवून पाहिलं नाही. "शेळ्या आणि कोंबड्या," एवढंच म्हणत. पुस्तकातल्या अस्वलाचं मात्र फार कौतुक. ते म्हणे अख्खा हिवाळा गुहेत झोपून काढतं. मी भाकरी थापताना ऐकायची आणि मनात म्हणायची, त्यात काय नवल? आमच्या ओसरीतलं तर बारा महिने झोपतं.

एका हिवाळ्यात त्यांनी कुठूनशी रोपं मागवली. येडशीच्या स्टेशनावर ओल्या गोणपाटात गुंडाळून आली. अक्रोड, चिनार आणि सफरचंद. परसात आडाजवळ लावली. लावली म्हणजे गड्यानं लावली. दीर छत्री धरून उभे होते. पाणी घालायचं काम मात्र घरातल्या बायकांकडं आलं. मी दिरांसमोर पदर ओढून असायची. थोरल्या दिराशी बोलायची रीत नव्हती. तेही मला काही सांगायचं झालं की भावाला सांगत, "तुझ्या बायकोला म्हणावं, पाणी बुंध्याशी घाल, पानांवर नको."

शिमग्याच्या आत अक्रोड आणि चिनार वाळले. सफरचंदाला तेवढी चार पानं फुटली आणि दिरांना आकाश ठेंगणं झालं. मग चैत्राचं ऊन सुरू झालं. पुस्तक बघून ते म्हणाले, मुळांना थंडी पाहिजे. सोलापूरहून बर्फ मागवला. लाकडाच्या भुशात गुंडाळलेल्या लाद्या पोत्यात घालून मोटारीनं धाराशिवपर्यंत यायच्या. वाटेत करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या नाक्यावर पोतं उघडून बघितलं जायचं. धाराशिवहून पुढं आमची बैलगाडी. घरी पोचेपर्यंत निम्मं पाणी व्हायचं आणि उरलेलं त्या काडीच्या बुडाशी पुरलं जायचं. लोक बांधावरून बघायला यायचे. दिरांना वाटायचं, लोक थक्क झालेत.

त्यातच अव्वा तापानं पडल्या. ताप उतरेना. अंग असं तापलेलं की कपाळावरची ओली पट्टी लगेच वाळून जायची. त्या कानडीत बडबडायला लागल्या, कुणाला ओळखेनात. बेंबळीहून हकीमसाहेब आले. नाडी बघून म्हणाले, "डोक्यावर बर्फ ठेवता आला असता तर बरं झालं असतं. पण इथं बर्फ कुठला?"

मी मालकांकडं बघितलं. गाडी नुकतीच परसात येऊन थांबली होती. बर्फ उतरवायचं चाललं होतं.

मालक बाहेर गेले. मी दाराआड उभी राहिले.

"दादा, अव्वासाठी थोडा बर्फ लागतोय."

"पट्टी ठेवा की," दीर म्हणाले. "हकिमाला काय कळतंय? अव्वाला या हवेची सवय आहे, ती ताप काढील. हे परक्या मुलखातलं झाड. आज बर्फ चुकला तर गेलंच म्हणून समज."

मालक खाली मान घालून उभे राहिले. त्या घरातले पुरुष दोनच गोष्टी जाणत, एक तर बोलत राहायचं, नाहीतर मान खाली घालायची.

मी परात घेऊन परसात गेले. तोवर गड्यानं लाद्या बुंध्याशी मांडून वर माती सारली होती. मी खाली बसून हातानं माती उकरायला लागले.

"अरे, तिला सांग!" दीर भावावर ओरडले. "काय करतीय ही?"

मी पदर मागं सारला. "त्यांना कशाला सांगताय, भावजी? मलाच सांगा."

 लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"झाड मरंल ते," ते म्हणाले.

"मरू द्या. तिथं आत तुमची आई पडलीय. तुम्हाला जन्म दिलाय तिनं, त्या काडीनं न्हाय."

सगळा बर्फ परातीत भरला, आडावर धुतला आणि आत नेला. फडक्यात बांधून अव्वांच्या कपाळावर ठेवला. मालक मागोमाग आले आणि मुकाट्यानं फडकं पिळायला लागले. संध्याकाळपर्यंत ताप थोडा खाली आला. पुढची बर्फाची पोती आली तेव्हा कुणी मला अडवलं नाही. अव्वा हळूहळू पेज घ्यायला लागल्या आणि एक दिवस भिंतीला धरून परसात आल्या.

सफरचंदाची पानं तोवर गळून गेली होती. दीर कुणाला हात लावू देत नव्हते. "झोपलंय ते," म्हणायचे. "तिकडची झाडं अशीच झोपतात." वैशाखातल्या उन्हात झोपलंय! अव्वांनी एक फांदी वाकवली, ती कट्कन मोडली. त्यांनी झाड उपटलं आणि चुलीपुढं नेऊन टाकलं.

दीर पुष्कळ वर्षं जगले. पाहुण्यांना ते शेवटपर्यंत सांगायचे की आमच्याकडं सफरचंदाची बाग झाली असती, पण घरातल्या एका अडाणी बाईनं मुळाशीच घाव घातला. पाहुणे माझ्याकडं बघायचे. मी चहा पुढं करायची. मालक मान खाली घालायचे, आणि अव्वा असल्या तर मोठ्यानं हसायच्या.