पेट्रोलच्या झाकणाखालचा रंग

“ह्या रंगानं हुलसूरचं ऊन किती खाल्लंय, हे कंप्युटरला काय कळतंय?” सिद्धप्पा पेंटर एकदा म्हणाला होता. त्या दिवसापासून वीरभद्रप्पानं वडिलांची सायीच्या रंगाची अँबॅसिडर दुसऱ्या पेंटरला शिवू दिली नव्हती.

सिद्धप्पाची रीत ठरलेली. आधी पेट्रोलचं झाकण उघडायचं. तिथं ऊन पोचत नाही, तो गाडीचा जन्माचा रंग. मग दाराचा बघायचा, तो आजचा. मधलं अंतर डोळ्यानं मोजून डब्यात पिवळ्याचे थेंब सोडायचे. चाळीस वर्षांत त्याचं ठिगळ कुणाला सापडलं नव्हतं.

यंदा बैलाचं शिंग मागच्या दाराला घासलं. सिद्धप्पानं ते बुजवलं आणि दारावर हरभऱ्याच्या डाळीसारखा पिवळाधमक चट्टा उमटला.

“दिसायलंय का कुठं, आप्पा?”

“छे! न्हाई बा,” वीरभद्रप्पा म्हणाला. मागं त्याची बायको कमलम्मा तोंडात पदर कोंबून उभी होती. डोळा विझत चाललेला गावाला दिसतो, फक्त ज्याचा त्याला दिसत नाही.

महिन्याभरानं सिद्धप्पा मोतीबिंदू काढायला बीदरला गेला, तसं वीरभद्रप्पाचं धाबं दणाणलं. नवा डोळा घेऊन हा पहिला इथंच येणार!

“दुसऱ्याकडनं चट्टा काढून घ्या की,” कमलम्मा म्हणाली.

“आन् मग त्याचं काम कुठं गेलं म्हणून सांगू?”

त्यानं गाडी उदगीरला नेली. कंप्युटरनं चट्ट्याचा रंग हुबेहूब जुळवला.

“मालक, गाडीला ठिगळ जुळवत्यात. तुमी ठिगळाला गाडी जुळवायलाव!” तिथला पेंटर म्हणाला.

“सगळ्या गाडीला मारा गुमान.”

आठवड्यानं सिद्धप्पा काळा चष्मा लावून आला. चष्मा कपाळावर सरकवून त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या घातल्या.

“गाडी पिवळी दिसायली, आप्पा.”

“नवा डोळा हाय. बसायला येळ लागतोय.”

सिद्धप्पानं मागच्या दारावरून हात फिरवला. नाक लावून बघितलं. मग फुलला. “सापडंना की मलाच! मोतीबिंदूत केलंय हे, आक्का. आता तर बघाच!”

कमलम्मानं चहा पुढं केला. पण चाळीस वर्षांच्या सवयीनं त्याचा हात पेट्रोलच्या झाकणाकडं गेला.

“सिद्धण्णा, आधी च्या घ्या! निवायलाय!” वीरभद्रप्पा ओरडला.

झाकण उघडलं. आत साय होती, तशीच, जन्माची.

सिद्धप्पानं आत बघितलं, मग गाडीकडं, मग वीरभद्रप्पाकडं. वीरभद्रप्पा बशीतल्या चहाकडं बघत राहिला. सिद्धप्पानं झाकण हळूच लावलं, त्यावर उठलेला आपल्या अंगठ्याचा ठसा बाहीनं पुसला, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तो फाटकातून निघून गेला.