बंदरावरून आलेल्या सोनकांबळे मॅडम

शांता सोनकांबळे आमच्या कार्यालयात रुजू झाल्या, त्या दिवशी त्या माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं : "पँटच्या मोहऱ्या झटका."

मी स्वागताचा हार घेऊन दारात उभा होतो. हार हातातच राहिला. त्या खाली वाकल्या, माझ्या पँटला चिकटलेली कुसळं चिमटीनं काढली आणि उजेडात धरून पाहिली. "कुठून आलात?"

"औशाहून, मॅडम. शेतावरून सरळ आलो."

"म्हणजे औशाचं गवत लातूरला घेऊन आलात. बिनातिकिटाचं."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण त्यांनी ती कुसळं कागदात गुंडाळून चहाच्या स्टोव्हवर जाळायला लावली. मग हार घेतला, आणि गळ्यात घालण्याआधी त्यातली फुलंही उलटून पाहिली.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कार्यालयांच्या पाट्या नव्या होत्या, आत बसायला खुर्च्या नव्हत्या. आमचं पीकसंरक्षणाचं कार्यालय मोंढ्यामागं एका भाड्याच्या घरात होतं. त्यात पावसानं ओळीनं दगा दिलेला. टँकर आला की साहेबापासून शिपायापर्यंत सगळे घागरी घेऊन पळत. असल्या ठिकाणी येणारा प्रत्येक अधिकारी आल्या दिवसापासून बदलीच्या मागं असायचा. मॅडम मात्र मुंबई सोडून स्वतः मागून इथं आल्या होत्या. माहेर देगलूरचं. वडील थकले होते, एवढंच कारण त्यांनी सांगितलं.

त्या स्वस्थ बसलेल्या मी पाहिल्या नाहीत. चहा उभ्यानं, सही उभ्यानं, डबासुद्धा खिडकीशी उभं राहून. बोलता बोलता हात टेबलावरच्या ज्वारीच्या नमुन्यात जायचा, दाणा उलटायचा, भिंग डोळ्याला लागायचं. मुंबईच्या गोदीत बरीच वर्षं त्यांचं काम हेच होतं. परदेशातून बोटीनं येणारं धान्य, बी, रोपं, कंद, जे काही उगवणारं असेल ते कस्टमच्या दारातून बाहेर पडण्याआधी तपासायचं. कीड दिसली तर धुरी द्यायची, भागलं नाही तर माल जाळायचा किंवा परत पाठवायचा. उंची साडी नेसलेल्या एका बाईच्या अंबाड्यातून त्यांनी गुलाबाची काडी काढली होती म्हणे. ती बाई रडली, शाप देऊन गेली.

"माणूस उतरला की त्याचे कागद बघतेत," त्या म्हणायच्या. "किड्याला कागद कोण मागणार?"

आणि आणखी एक गोष्ट त्या पुन्हा पुन्हा बोलत, कधी चिडून, कधी हसून. "सूर्यवंशी, आपलं काम नीट झालं तर काय होतं? काहीच होत न्हाई. आन काहीच झालं न्हाई की वरचे विचारतात, तुम्ही तिथं करून काय राहिलात?"

कार्यालयात त्या शुद्ध बोलत. मन हललं की देगलूर बाहेर यायचं. त्यावरून मला त्यांचा अंदाज यायला लागला होता.

देगलूरच्या बाजारात त्यांचे वडील पोती वाहायचे. ज्या आडतीवर ते काम करत, तिच्या शेजारी गफूर बागवान यांचं फळांचं दुकान. सगळे त्यांना गफूरचाचा म्हणत. पहाटे मोसंबीची गाडी घेऊन चाचा नांदेडला निघाले की शांताला पुढं ड्रायव्हरशेजारी बसवत आणि परीक्षेच्या केंद्रावर उतरवून मगच बाजारात जात. वस्तीतली पहिली पदवीधर मुलगी त्या गाडीतून शिकायला गेली. त्यांच्या लेखी चाचा वडिलांइतकेच होते.

चाचांची जमीन देगलूर-उदगीर रस्त्यावर, आमच्या जिल्ह्याच्या हद्दीत. दुष्काळात त्यांची मोसंबीची बाग उभीच्या उभी वाळली. विहिरीच्या तळाला राहिलं ते मचूळ पाणी. त्यांचा मुलगा मस्कतला होता. त्यानं कळवलं, इकडं खजूर असल्याच पाण्यावर जगतो, पिल्लं आणतो. पिल्लं म्हणजे खजुराच्या बुडाशी फुटणारी रोपं. चाचांनी शांतालाच विचारलं. तिनं सांगितलं, "आणा, पण चोरून नको. परवाना काढा, बंदरावर दाखवा."

त्यांनी अगदी तसंच केलं. बंदरावर रोपांना धुरी दिली गेली आणि एका अटीवर ती सोडली गेली : वेगळ्या कुंपणात लावायची, अधिकारी वेळोवेळी येऊन बघणार, आणि त्यांनी मोकळीक देईपर्यंत एकही पिल्लू बाहेर जाणार नाही. जिल्ह्यातला तो अधिकारी म्हणजे सोनकांबळे मॅडम.

चाचा त्या कुंपणाला 'कारंटीन' म्हणत. मोठ्या अभिमानानं पाहुण्यांना तारेबाहेरून दाखवत. "शांताबेटीची कारंटीन हाय. आत मलाबी इचारून जावं लागतं." वाळलेल्या मोसंबीच्या मधोमध ती हिरवी पानं पाहिली की कुणाचंही मन हलायचं. चाची नमाजाआधीच्या वजूचं पाणीसुद्धा पन्हाळीनं त्या रोपांकडं सोडायच्या. आसपासचे शेतकरी येऊन आत्ताच नंबर लावून जात होते. एका पुढाऱ्यानं तर जिल्हाभर खजूर लावायचं भाषणही करून टाकलं.

मॅडम एसटीनं जायच्या, मी बरोबर. वाटेत त्या खिडकीतून बाहेर बघायच्या आणि ओढ्याकाठची शिंदीची झाडं मोजल्यासारखी निरखायच्या. शिंदी म्हणजे खजुराची रानटी बहीण. आमच्या सीमेवरच्या गावांत तिच्या पानांच्या चटया आणि फडे विणून कितीतरी बायांचं घर चालतं. "मस्कतची कीड हिच्यावर गेली," त्या पुटपुटायच्या, "तर कुणाला परत बोलवायचं? ओढ्याला कुंपण घालता येतं का?"

त्या उन्हाळ्यात एकदा दुपारी त्यांनी एका रोपाचं खालचं पान बाजूला केलं आणि भिंग लावलं. मी तारेपाशी उभा होतो. बराच वेळ त्या हलल्या नाहीत. हात नाही, मान नाही. मला भीती वाटली. जवळ गेलो तेव्हा त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. पानाच्या बेचक्यात राखेसारखे बारीक पापुद्रे चिकटले होते. खवले कीड. फुंकर मारली तर उडणार नाही आणि पुसलं तर संपणार नाही, अशी.

नमुना मुंबईला गेला. उत्तर येईपर्यंतचे दिवस त्यांनी कसे काढले ते मी पाहिलं आहे. भरल्या उन्हात त्या मोंढ्याला फेऱ्या मारायच्या. कुणी बोलायला आलं की अर्ध्या वाक्यात उठून जायच्या. उत्तर आलं, आणि कीड परदेशीच निघाली. सगळी रोपं नष्ट करायची.

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही रजा टाका. वरून दुसरं कुणी येईल, तेच करतील."

"दुसरा येईल, जाळून निघून जाईल," त्या म्हणाल्या. "चाची रडायल्या तर त्याला काय?"

आम्ही पोचलो तेव्हा चाचा कुंपणाच्या फाटकाला पाठ लावून बसले होते.

"बेटी, सगळी नक्को. ज्याला कीड न्हाई तेवढी ठेव."

"चाचा, न्हाई असं दिसतंय. न्हाई म्हणून मला खात्रीनं सांगता येईना."

"माझ्या पोरानं चोरून आणली असती तर आज कुणी इचारलं असतं का?"

चाचांचं खरंच होतं. सरळ वागल्यामुळंच तो माणूस सापडला होता. चाचा उठले, घरात गेले आणि दार लावून घेतलं.

खड्डा आम्ही खणला. कामाला माणसं आली नव्हती, बघायला मात्र गाव जमलं होतं. "प्यायला पानी न्हाई, आन ही हिरवी झाडं जाळून राहिली," एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली. कुणी मॅडमच्या जातीवरून काहीतरी बोललं. मॅडमनी ते ऐकलं. फावडं थांबलं नाही. रोपं मुळासकट उपटली, आजूबाजूची माती खरवडून खड्ड्यात टाकली, रॉकेल ओतलं. ओली पानं लवकर पेट घेत नव्हती. धूर सरळ घराकडं जात होता आणि मॅडम धुराकडं तोंड करून उभ्या होत्या.

तेवढ्यात दार उघडलं. चाचा बाहेर आले, गर्दीतून वाट काढत मॅडमपर्यंत गेले. मी अगदी शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं.

"एक पिल्लू बिलोलीला हाय. रुखसानाकडं."

रुखसाना त्यांची लेक. बिलोलीला दिलेली. माहेरची आठवण म्हणून एक रोप तिनं मागितलं होतं आणि बापाला नाही म्हणवलं नव्हतं.

मॅडमनी त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता या कडाडणार. त्या म्हणाल्या, "चला. गाडीत बसा, चाचा."

पंचायत समितीची जीप मिळाली. रुखसानाच्या परसात, न्हाणीच्या पाण्यावर, ते रोप इतर सगळ्यांपेक्षा तरारून आलं होतं. आणि परसामागं ओढा, ओढ्याला शिंदीची रांग. रोपावर पापुद्रे होते. परसाला लागून असलेल्या शिंदीवरही सापडले.

चाचांनी ते रोप स्वतःच्या हातानं उपटलं. लेक आत जाऊन रडत बसली. दुसऱ्या दिवशी शिंदीची ती झाडं जाळली. त्यानंतर, बिलोली दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून, नांदेडच्या अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन मॅडम सुट्टीच्या दिवशीही बिलोलीला जायला लागल्या. ओढ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक झाड. फडे विणणाऱ्या बाया विचारायच्या, "बाई, झाडाला काय बाहेरचं झालं का?" मॅडम म्हणायच्या, "होऊ नये म्हणून बघून राहिले." पाय काट्यांनी सोलून निघाले. पावसाळा आला, कसाबसा का होईना पडला. पुढच्या उन्हाळ्यातही त्या फिरल्या. एकदाही पापुद्रा दिसला नाही. कुठं बातमी आली नाही, कुणी शाबासकी दिली नाही. उलट त्या पुढाऱ्याची तक्रार तेवढी वर पोचली, आणि मॅडमची बदली पुन्हा बंदरावर झाली.

निघताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "चाचा बोलत न्हाईत माझ्याशी." आणि एसटीत चढल्या.

काही वर्षांनी त्या गेल्या. आजार फार दिवसांचा नव्हता. नोकरीतच होत्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम देगलूरच्या विहारात होता, मी लातूरहून गेलो. त्रिशरण-पंचशील झालं. एकेक जण उठून बोलला : देगलूरची लेक, मुंबईत मोठ्या हुद्द्यावर गेली, वस्तीचं नाव काढलं. ती तिथं नेमकं काय करायची, ते कुणालाच धड सांगता येईना.

मागं भिंतीला टेकून गफूरचाचा बसले होते. खूप म्हातारे दिसत होते. काठी टेकत ते उठले.

"हिनं माझी झाडं जाळली," ते म्हणाले.

शांताचा भाऊ त्यांना खाली बसवायला पुढं झाला. चाचांनी हातानंच त्याला थांबवलं.

"सगळ्यांला वाटलं, गफूर हिच्यावर नाराज हाय. म्हणून बोलत न्हाई. मी नाराज न्हवतो. मला शरम होती. हिला जबान दिली आन एक रोप लपवून पोरीला दिलं. हिनं मला का दिलं म्हणून इचारलंबी न्हाई. मुंबईहून आली की घरी यायची. मी आतल्या खोलीत जाऊन बसायचो. चाची चहा द्यायची, ही पिऊन जायची. एकदा चाची घरात न्हवती. दार मलाच उघडावं लागलं."

त्यांनी दोन्ही हात काठीवर टेकले. दम लागला होता.

"मी म्हनलं, बेटी, गुन्हा झाला माझ्याकडून. तर ही मलाच म्हनली, चाचा, इतकी वर्षं मी बंदरावर हाय. लोक अंबाड्यात लपवतेत, डब्यात लपवतेत, लेकराच्या कपड्यात लपवतेत. मी हुडकून काढते. माझ्याजवळ येऊन आपल्या तोंडानं सांगणारा माणूस मला एकच भेटला."

चाचा खाली बसले.