पाकळी हलली नाही तेव्हा

लग्नाला नऊ वर्षं होऊनही मूल नव्हतं, म्हणून आम्ही म्हापशाला उपचार सुरू केले. अंडी वाढावीत म्हणून रोज संध्याकाळी सातला पोटात हार्मोनचं इंजेक्शन घ्यायचं. ते पेनासारखं असतं. मागची चकती फिरवून आकडा लावायचा नि टोचायचं. सुरुवातीला दोनशे पंचवीस युनिट होतं. सहाव्या दिवशी तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंडी जास्तच येताहेत, आता दीडशेच घ्या." मला ते मुळीच पटलं नाही. देवीची ओटी भरताना आम्ही कधी मूठ आखडत नाही, मग इथेच हात आखडता का घ्यायचा? मूल हवं होतं मला, नि तेही या खेपेलाच. म्हणून मी गुपचूप दोनशे पंचवीसच घेत राहिले. ह्यांनासुद्धा सांगितलं नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही!

त्यानंतर तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, घास उतरेना. मन खाऊ लागलं, तेव्हा सर्वणच्या आमच्या देवळात कौल लावायला गेले. गुरवकाकांनी मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "मी करते ते बरोबर ना?" एवढंच मनात धरून मी हात जोडून बसले. अर्धा तास गेला, पण एकही पाकळी हलली नाही. गुरवकाका शेवटी म्हणाले, "बाये, देवी आज उलयना, गप्पच आसा. मनात काय लपयलंस तू?"

बाई गं! मला तिथंच रडू कोसळलं. ओटी भरायला मांद्र्याहून आलेली एक वयस्क बाई जवळ येऊन बसली. म्हणाली, "पोट असा कित्याक फुगला तुजा? धाप पण लागता." ती निवृत्त नर्स होती. तिच्यापुढे मी सगळं भडाभडा बोलून टाकलं. ती रागावली नाही. "आजची सुई घेव नको. आधी डॉक्टरांक फोन लाव, आणि खरा सांग," म्हणाली. सात वाजायला वीस मिनिटं होती, नि पेन माझ्या पिशवीतच होतं.

मी फोनवर कबुली दिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लगेच निघा." मग ह्यांना फोन करून बोलावलं. हे येईपर्यंत ती बाई माझा हात धरून बसली होती. तिचं नाव विचारायचं मला सुचलंच नाही.

पोटात पाणी साठलं होतं. पाच दिवस दवाखान्यात काढले. आणखी एक सुई घेतली असती तर जिवावरच बेतलं असतं, असं तिथं कळलं. अंडी काढून प्रयोगशाळेत त्यांचे गर्भ केले नि ते गोठवून ठेवले, पण या महिन्यात आत ठेवायचे नाहीत म्हणाले. मी उशीत तोंड खुपसून रडले. ह्यांनी एकदाही दोष दिला नाही, त्याचीच जास्त लाज वाटली.

तीन महिन्यांनी गर्भ ठेवला. त्या वेळी गोळ्या सांगितल्या तेवढ्याच, सांगितल्या वेळीच घेतल्या. एक कमी नाही, एक जास्त नाही. चकती माझ्या हातात होती म्हणून फळही माझ्याच हातात आहे, असं मी समजत होते. ते ओझं खाली ठेवल्यावर किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

त्या दिवशी पाकळी हलली नाही, हा चमत्कार होता का, हे मला ठाऊक नाही. त्या खेपेला दिवस राहिले, नि आमची लेक आता तिसरीत आहे. गणिताला बसली की दमते नि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपते. त्या वेळी मी जागची हलतही नाही, नुसती देवीचे आभार मानत बसते.